अणूतील रिकाम्या जागा : इलेक्ट्रॉनांची मांडणी आणि मूलद्रव्यांचे गुणधर्म

मेंडेलेव्ह यांनी १८७१ साली आपली आवर्त सारणी विस्ताराने मांडली, तेव्हा तीत काही घरे त्यांनी रिकामी ठेवली होती आणि त्या घरांत पुढेमागे येणाऱ्या मूलद्रव्यांना नावेही देऊन टाकली होती. ही नावे घडविताना त्यांनी संस्कृत संख्यावाचकांचा आधार घेतला. ॲल्युमिनियमखालच्या घराचा धनी ‘एक-ॲल्युमिनियम’, सिलिकॉनखालचा ‘एक-सिलिकॉन’. मँगॅनीजच्या खाली तर ‘एक’ आणि ‘द्वि’ असे दोन. अष्टाध्यायीचे संपादक ओटो ब्योटलिंक हे पीटर्सबर्गच्या विद्वन्मंडळातील; त्यांच्या परिचयातून मेंडेलेव्ह यांच्या कानी आपल्या वर्णव्यवस्थेची रचना गेली असावी, असा तर्क काही संस्कृतज्ञांनी केला आहे. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे. आणि प्रस्तुत लेख त्यावर उभा नाही. परंतु भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला रसायनशास्त्रातील या सारणीकडे वळून पाहावेसे का वाटते, हे त्या नावांवरून ध्यानात येईल.

क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची पंचवीस व्यंजने आपण पाच ओळींत आणि पाच स्तंभांत लिहितो. ओळ उच्चारस्थानाची, स्तंभ प्रयत्नाचा. ‘ग’ म्हणजे काय, हे सांगावयाचे तर त्याचे घर सांगितले की पुरते : कंठ्य, घोष, अल्पप्राण. आवर्त सारणीही मूलद्रव्याची ओळख अशीच, म्हणजे घरावरून, करून देते. एक भेद मात्र मोठा आहे. वर्णमाला रचणाऱ्यांना स्थान आणि प्रयत्न ही कारणे ठाऊक होती व त्यांवरूनच त्यांनी रचना केली. रसायनज्ञांच्या हाती रचना अगोदर आली आणि तिचे कारण त्यांना सुमारे पन्नास वर्षांनी उमगले. त्यामुळे मूलद्रव्याचे घर आणि त्या घराचे कारण यांत गल्लत होण्यास वाव राहिला. इलेक्ट्रॉनांची मांडणी पाठ केली की गुणधर्म आपोआप हाती येतात, ही विद्यार्थ्यांत दृढ असलेली समजूत त्या गल्लतीचेच फळ होय. ती समजूत कोठवर टिकते, हे येथे पाहावयाचे आहे.

रचनेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. मेंडेलेव्ह यांच्यासमोर १८६९ साली अवघी ६३ मूलद्रव्ये होती आणि ती त्यांनी मुख्यतः अणुभाराच्या क्रमाने लावली. त्यांनी भाकीत केलेले एक-ॲल्युमिनियम १८७५ साली फ्रान्समध्ये सापडले, तेच गॅलियम. शोधकाने त्याची घनता प्रथम ४.७ अशी काढली, ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, असे मेंडेलेव्ह यांनी तो धातू न पाहताच कळविले, आणि पुन्हा मोजता ती तशीच निघाली. पुढे १८७९ साली स्कँडियम व १८८६ साली जर्मेनियम ही मूलद्रव्ये मिळून आणखी दोन घरे भरली. तरीही अणुभाराचा क्रम काही ठिकाणी मोडावा लागत होता. टेल्यूरियमचा अणुभार १२७.६, आयोडीनचा १२६.९, क्रमाने गेल्यास आयोडीन टेल्यूरियमच्या आधी येऊन क्लोरीन-ब्रोमीनच्या कुळातून बाहेर पडते. मेंडेलेव्ह यांनी गुणधर्म प्रमाण मानले आणि अणुभार चुकीचा मोजला गेला असावा असे ठरविले. त्यांचा निर्णय बरोबर होता, कारण चुकीचे होते. मोझली यांनी १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांचे वर्णपट तपासून दाखवून दिले की, खरा क्रम अणुभाराचा नसून अणुकेंद्रावरील धन विद्युत्‌भाराचा, म्हणजेच अणुक्रमांकाचा आहे. पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले.

अणुक्रमांक म्हणजे उदासीन अणूतील इलेक्ट्रॉनांची संख्या. परंतु नुसत्या संख्येने आवर्तन निर्माण होत नाही. एक एक इलेक्ट्रॉन वाढत गेला तर गुणधर्म सरळ रेषेत बदलत जावेत. मग दर काही पावलांनी तेच गुण पुन्हा का दिसावेत? उत्तर असे की, अणूतील इलेक्ट्रॉनांना वाटेल ती ऊर्जा धारण करता येत नाही. पुंजयामिकीच्या नियमांनुसार त्यांच्यासाठी ठरावीक अवस्था उपलब्ध असतात, आणि एका अवस्थेत एकाहून अधिक इलेक्ट्रॉन राहू शकत नाही. हे दुसरे विधान म्हणजे पाउली यांचे १९२५ सालचे विवर्जन तत्त्व. ते नसते तर प्रत्येक अणूतील सर्व इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पातळीवर गोळा झाले असते आणि रसायनशास्त्र नावाचे शास्त्र उरले नसते.

या अवस्थांचे गट पडतात. मोठा गट म्हणजे कवच, त्याच्या पोटातील लहान गट म्हणजे उपकवच. उपकवचांना एस, पी, डी, एफ अशी नावे असून त्यांत अनुक्रमे २, ६, १० व १४ इलेक्ट्रॉन मावतात. ही अक्षरे विद्यार्थी मंत्राप्रमाणे म्हणतात. त्यांचा अर्थ मात्र क्वचितच सांगितला जातो. वर्णपटातील रेषांच्या मालिकांना जुन्या संशोधकांनी शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज आणि फंडामेंटल, म्हणजे रेखीव, प्रमुख, पसरट आणि मूलभूत, अशी विशेषणे लावली होती. त्यांची ही आद्याक्षरे. अणूच्या आत काय आहे हे कळण्यापूर्वीची ही नावे आज केवळ खुणा म्हणून उरली आहेत. शब्दाचा अर्थ लोपून ध्वनी तेवढा कामास येत राहतो, हा प्रकार आपल्या शास्त्रात नवा नाही. पहिल्या कवचात फक्त एस, दुसऱ्यात एस व पी, तिसऱ्यात एस, पी व डी, अशी वाढ होत जाते. सारणीतील ओळींची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी का, याचा उलगडा याच आकड्यांच्या बेरजांतून होतो.

आता नेहमीचे उदाहरण घेऊ. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे, क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे मांडलेले असतात. यावर भाष्य ठरलेले : सोडियमला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन टाकून द्यावयाचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, देवाणघेवाण होते, दोघांनाही अष्टक लाभते आणि मीठ तयार होते. लुइस यांनी १९१६ साली मांडलेल्या विचाराचे हे शालेय रूप. त्यातील व्याकरण पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘हवा असणे’ या क्रियेला चतुर्थ्यंत अनुभवकर्ता लागतो आणि तो सहसा सचेतन असतो. ‘मुलाला पाणी हवे’ असे आपण म्हणतो, ‘दगडाला पाणी हवे’ असे म्हणत नाही. ‘अणूला इलेक्ट्रॉन हवा’ असे म्हणताच अणूच्या ठिकाणी इच्छा कल्पिली जाते, आणि इच्छा एकदा कल्पिली की हिशेब विचारण्याची गरज वाटेनाशी होते.

हिशेब विचारला तर काय दिसते? एकट्या सोडियम अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा खर्च करावी लागते. सोडियम इलेक्ट्रॉन ‘टाकून’ देत नाही; तो ओढून काढावा लागतो. क्लोरीनच्या अणूवर इलेक्ट्रॉन बसला म्हणजे ३.६१ इतकी ऊर्जा परत मिळते. म्हणजे दोघांनाही अष्टक लाभले तरी व्यवहार १.५३ ने तोट्यात! हा तोटा भरून निघतो तो अष्टकाने नव्हे, तर धन आणि ऋण आयन जवळ येऊन स्फटिकात रचले गेल्यामुळे. त्या रचनेतून आयनांच्या दर जोडीमागे सुमारे ८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. ऑक्सिजनची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याला दोन इलेक्ट्रॉन ‘हवे’ असतात असे शिकविले जाते. प्रत्यक्षात पहिला बसल्यावर दुसरा त्याच्यावर बळाने चढवावा लागतो आणि स्फटिकाबाहेर, एकाकी अवस्थेत, तो टिकतही नाही.

मग अष्टकाचे महत्त्व कशात? दुसऱ्या एका आकड्यात. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास ५.१४ लागतात, दुसरा काढण्यास ४७.३. मॅग्नेशियमच्या बाबतीत ७.६५, १५.०४ आणि मग एकदम ८०.१. ही जी एकाएकी उडी दिसते, ती आतले कवच उघडावे लागल्याची खूण. बाहेरच्या इलेक्ट्रॉनापर्यंत अणुकेंद्राचे आकर्षण पूर्णपणे पोहोचत नाही, कारण मधले इलेक्ट्रॉन ते अडवितात. सोडियमच्या केंद्रावर ११ भार असले तरी बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला त्यांपैकी ढोबळ हिशेबाने दोनच जाणवतात. क्लोरीनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना सतरापैकी सुमारे सहा जाणवतात, कारण एकाच कवचातील इलेक्ट्रॉन एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत. म्हणून क्लोरीनची पकड घट्ट, सोडियमची सैल. निऑनची पकड तर अधिकच घट्ट. शिवाय त्याच्या दुसऱ्या कवचात जागा उरलेली नाही. नवा इलेक्ट्रॉन आला तर त्याला तिसऱ्या कवचात, आतल्या दहांच्या आडोशाला राहावे लागेल आणि तेथे त्याला धरून ठेवणारे काही नाही. सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही आणि निऑन एकही का घेत नाही, या दोन प्रश्नांना ‘इच्छे’वाचून उत्तर मिळते.

येथपर्यंत मांडणी आणि गुणधर्म हातात हात घालून चालले. पुढे तसे नाही.

हीलियमचे दोन इलेक्ट्रॉन पहिल्या कवचाच्या एस उपकवचात असतात. बेरिलियमचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचाच्या एस उपकवचात असतात. केवळ बाहेरची मांडणी पाहावयाची तर दोघेही सारखेच : एस मध्ये दोन. मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचेही तेच. मांडणी हाच एकमेव निकष मानणाऱ्याने हीलियमला बेरिलियमच्या डोक्यावर बसविले पाहिजे. फ्रान्समधील शार्ल झाने यांनी १९२८-२९ च्या सुमारास आपल्या सारणीत ते तसे बसविलेही. परंतु बेरिलियम हा संयुगे करणारा धातू आहे, आणि हीलियमची पकड सर्व मूलद्रव्यांत घट्ट, २४.५९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. सोडियम व हीलियम यांचे एक संयुग दहा लाख वातावरणांहून अधिक दाबाखाली तयार झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले, पण तसल्या दाबाखालचे रसायनशास्त्र हे आपल्या भोवतालचे नव्हे.

सारख्या मांडणीतून इतके भिन्न गुण का? कारण बेरिलियमच्या भरलेल्या एस जागेशेजारी त्याच कवचातील पी जागा रिकाम्या आहेत आणि त्या फार उंचावर नाहीत, सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्चले की एक इलेक्ट्रॉन तेथे जातो, मग दोन्ही इलेक्ट्रॉन सुटे होऊन बंध जोडण्यास मोकळे होतात आणि झालेला खर्च बंधांतून वसूल होतो. पहिल्या कवचात पी जागाच नाही. हीलियमच्या इलेक्ट्रॉनाला सर्वांत जवळची रिकामी जागा सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीवर मिळते, आणि कोणताही बंध एवढी किंमत परत करीत नाही. कार्बनचे चार बंधही याच न्यायाने समजतात. कागदावरील त्याच्या मांडणीत सुटे इलेक्ट्रॉन दोनच आहेत. तात्पर्य, अणूचे वर्तन त्याच्या भरलेल्या जागांवर जितके, तितकेच जवळच्या रिकाम्या जागांवर अवलंबून असते. ध्वनीचे मूल्य त्याच्या परिसरावरून ठरते असे आपण वितरणाच्या विवेचनात म्हणतो. येथे परिसर म्हणजे ऊर्जेच्या पातळ्यांचा शेजार. मांडणीची यादी भरलेल्या जागा तेवढ्या सांगते, शेजाराविषयी ती मुकी असते.

याच्या उलट दाखलाही आहे आणि माझ्या मते तो अधिक निर्णायक आहे. निकेल, पॅलेडियम व प्लॅटिनम ही तिन्ही मूलद्रव्ये सारणीच्या एकाच स्तंभात एकाखाली एक उभी आहेत. त्यांच्या बाहेरच्या दहा इलेक्ट्रॉनांची मांडणी मात्र तीन तऱ्हांची : निकेलात डी मध्ये आठ व एस मध्ये दोन, पॅलेडियमात दहाही डी मध्ये आणि एस रिकामे, प्लॅटिनमात डी मध्ये नऊ व एस मध्ये एक. तरी तिन्हींची २ ही संयुजा नेहमीची, आणि हायड्रोजन जोडण्याच्या विक्रियांत तिन्ही उत्प्रेरक म्हणून चालतात. दुसऱ्या एका स्तंभातही हेच. क्रोमियममध्ये डी पाच, एस एक. टंग्स्टनमध्ये डी चार, एस दोन. आणि दोघांचीही सर्वोच्च संयुजा ६. अर्धे भरलेले उपकवच विशेष स्थिर असते, म्हणून क्रोमियमची मांडणी तशी, असे उत्तर परीक्षेत लिहिले जाते. तेच स्थैर्य टंग्स्टनला का मोहवीत नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. खरे असे की, या धातूंत एस आणि डी या पातळ्या इतक्या जवळ आहेत की एकट्या अणूत कोणता इलेक्ट्रॉन कोठे बसला हे किरकोळ फरकांवरून ठरते, आणि संयुग होताना ती बैठक मोडतेच.

याच ठिकाणी विद्यार्थ्यांना आणखी एक कोडे पडते. चौथ्या कवचाचा एस आधी भरतो आणि तिसऱ्या कवचाचा डी नंतर, असे शिकविले जाते. मग लोखंडातून इलेक्ट्रॉन काढताना एस मधलेच आधी कसे निघतात? येथे दोन क्रमांची सरमिसळ झालेली आहे. पोटॅशियम, कॅल्शियम, स्कँडियम असे एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना दर पावलाला अणुकेंद्राचा भारही एकेकाने वाढतो आणि त्याबरोबर पातळ्या सरकतात. स्कँडियमपासून पुढे डी खाली गेलेला असतो. लोखंडाचे आयन होताना केंद्र तेच राहते. ऐतिहासिक क्रम आणि वर्णनात्मक क्रम यांची गल्लत करू नये हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी बजावले जाते. येथील भेद तंतोतंत तोच नसला तरी सावधगिरी त्याच जातीची हवी.

मांडणीचे सामर्थ्य मात्र यामुळे कमी लेखू नये. ७२ क्रमांकाचे घर १९२२ पर्यंत रिकामे होते आणि तेथे एखादी विरल मृत्तिका सापडेल अशी अनेकांची अपेक्षा होती. पॅरिसच्या उर्बें यांनी तर तसा दावाही केला होता. बोर यांनी विचार केला तो असा : विरल मृत्तिकांत आतले एफ उपकवच भरत जाते, त्यात १४ इलेक्ट्रॉन मावतात, लँथॅनम ५७ वे, तेव्हा ७१ व्या मूलद्रव्याशी ते भरून संपते, सबब ७२ वे झिर्कोनियमचे भावंड असले पाहिजे. कोपनहेगन येथे कोस्टर व हेव्हेशी यांनी झिर्कोनियमची खनिजे क्ष-किरणांनी तपासली, आणि ते मूलद्रव्य तेथेच मिळाले. डिसेंबर १९२२ मध्ये नोबेल व्याख्यानाच्या अखेरीस बोर यांना ही वार्ता सांगता आली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव हाफ्नियम. एफ इलेक्ट्रॉन केंद्राचे आकर्षण नीट अडवीत नाहीत, म्हणून चौदा पावलांत अणू आक्रसत जातात आणि हाफ्नियम ३२ इलेक्ट्रॉन अधिक घेऊनही झिर्कोनियमएवढाच राहतो. दोघांना वेगळे करणे रसायनज्ञाला फार जड जाते. अणुभट्टीत मात्र ते केल्यावाचून गत्यंतर नसते : झिर्कोनियम न्यूट्रॉनांना वाट देते, हाफ्नियम ते गिळते. तारापूर येथे १९६९ साली सुरू झालेल्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्याच वापरण्यात आल्या. इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने जुळी असलेली ही मूलद्रव्ये अणुकेंद्राच्या दृष्टीने परस्परविरुद्ध आहेत.

नावानेही विचाराला बांध पडतो, याचे उदाहरण ‘निष्क्रिय वायू’ हे होय. झेनॉनचे अष्टक पूर्ण, म्हणून त्याची संयुगे अशक्य, असा समज दृढ होता. १९६२ साली व्हँकूव्हर येथे नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूतूनच इलेक्ट्रॉन ओढल्याचे आढळले. त्यांनी कोष्टक पाहिले : ऑक्सिजनच्या रेणूला १२.०७, झेनॉनला १२.१३. जवळजवळ सारखेच. त्यांनी तोच प्रयोग झेनॉनवर केला आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ मिळाला. प्रयोगाला अवघड असे काही लागले नाही. आकडे कित्येक वर्षे कोष्टकात होते. नावावर विश्वास न ठेवता ते शेजारी शेजारी ठेवून पाहणारा तेवढा हवा होता.

जड मूलद्रव्यांत आणखी एक कारण येऊन मिळते. सोन्याच्या केंद्रावर ७९ भार; त्याच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक असतो आणि सापेक्षतेचा परिणाम दुर्लक्षिता येत नाही. त्यामुळे बाहेरचा एस आत ओढला जातो व डी वर सरकतो. दोहोंतील अंतर घटून निळा प्रकाश शोषला जातो आणि सोने पिवळे दिसते. त्याच स्तंभातील चांदीत हे अंतर जंबुपार किरणांच्या टप्प्यात असल्याने ती पांढरी. दोघांची बाहेरची मांडणी एकच आहे. सोन्याची इलेक्ट्रॉन धरण्याची शक्ती इतकी वाढते की सीझियमबरोबर ते हॅलोजनासारखे वागून ऋण आयन होते.

११८ व्या मूलद्रव्याला २०१६ साली ओगॅनेसॉन हे नाव मिळाले आणि सातवी ओळ पूर्ण झाली. ते हीलियम-झेनॉनच्या स्तंभात बसते, मांडणीही तशीच मानली जाते. परंतु त्याचे मोजके अणूच आजवर तयार झाले असून ते क्षणभरही टिकत नाहीत. सैद्धांतिक गणिते असे सांगतात की, ते सामान्य तापमानाला वायू नसून घन असावे आणि त्या स्तंभातील इतरांप्रमाणे नवा इलेक्ट्रॉन नाकारणारेही नसावे. रसायनशास्त्राच्या परिभाषेत ‘समस्थानिक’ असा एक शब्द आहे : केंद्राचे वजन निराळे, पण सारणीतील घर एक, असे अणू. ग्रीक शब्दाचे ते शब्दशः रूपांतर असले तरी ‘स्थान’ हा शब्द आपल्या शिक्षाग्रंथांतलाच आहे. ओगॅनेसॉनच्या बाबतीत घर एक आणि वागणूक निराळी, अशी स्थिती निघाल्यास त्यासाठी परिभाषेला वेगळा शब्द घडवावा लागेल.